न्यूट्रलवर बसवलेला स्विच

स्विचला जन्मभर एकच काम असतं. दाबला की वीज आत सोडायची, पुन्हा दाबला की तोडायची. तेवढं एक काम त्याला धड करू द्यायचं नाही, असं आमच्या कारखान्यात ठरल्यासारखं झालं होतं, आणि त्यात माझाही हात होता. तीन वर्षं झाली. अजून त्या दिवसाचा विषय निघाला की माझं ताटातलं जेवण अर्धं राहतं आणि बायको म्हणते, "आता कुणावर चिडलात?" कुणाकुणावर ते मी इथे लिहून टाकतो.

मी शिरगावचा. घरची नारळाची आणि भाजीपाल्याची वाडी होती, पण मला पाण्याच्या पाटापेक्षा पंपाच्या मोटरीत जास्त रस. आयटीआय करून बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत लागलो, ते शेवटपर्यंत तिथेच राहिलो. कारखान्यात विजेची कंट्रोल पॅनेलं बनत. तयार झालेलं पॅनेल बाहेर जाण्याआधी तपासायची खोली होती, टेस्टिंग रूम, आणि तिथली सगळी उपकरणं माझ्या ताब्यात. ऑसिलोस्कोप, म्हणजे पडद्यावर विजेची लाट काढून दाखवणारं यंत्र, तपासणीसाठी तसल्या लाटा तयार करणारा सिग्नल जनरेटर, पॉवर सप्लाय. बहुतेक जुनी, काही तर मी लागलो त्याच्या आधीची. जड पत्र्याची, आत ऐसपैस जागा, प्रत्येक तार कुठून निघून कुठे जाते ते बोटाने दाखवता येईल अशी. ती नीट वापरली तर माणसाच्या जन्माला पुरतात. त्यांचं एकच दुखणं, पुढचा पॉवरचा स्विच.

हा स्विच दाबला की आत जाऊन बसतो, पुन्हा दाबला की बाहेर येतो. त्याच्या पोटात बदामाच्या आकाराची एक खाच असते आणि त्या खाचेतून तारेची एक बारीक पिन फिरते. ती पिन झिजली की स्विच आत बसेनासा होतो. शिवाय आमच्याकडे समुद्राची खारी हवा आणि वसाहतीतला रसायनांचा वास एकाच खिडकीतून यायचे, त्यामुळे आत वीज जोडणारे तांब्याचे ठिपके काळे पडत. मी स्विच सोडवायचो, उघडायचो, ठिपके बारीक पॉलिश पेपरने घासायचो, पिन बदलायचो. एका स्विचला दुपार जाई. पण मूळचा स्विच विजेच्या दोन्ही तारा तोडतो, वीज आणणारी फेजही आणि परत नेणारी न्यूट्रलही. तो बंद केला की आत खरोखरच काही उरत नाही. म्हणून तोच हवा, किंवा तसलाच हवा.

साहेबांना ही दुपार खुपायची. आमचे साहेब म्हणजे उत्पादन विभागाचे व्यवस्थापक. त्यांचं म्हणणं, "स्विचच आहे ना? बाजारात ढीगभर मिळतात."

त्या वर्षी एका ऑसिलोस्कोपचा स्विच गेला, आणि या वेळी दुरुस्त होण्यापलीकडे गेला, खाचच तुटली होती. मी दोन्ही तारा तोडणारा नवा स्विच मागवला, चिठ्ठीवर चित्र काढून दिलं. खरेदी विभागाने पाठवला तो घरातल्या टेबललॅम्पला लावतात तसला, एकच तार तोडणारा. मी तो खणात टाकला, पुन्हा चिठ्ठी लिहिली आणि भाचीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर गेलो.

परत आलो तर तो ऑसिलोस्कोप टेबलावर चालू. पुढच्या पत्र्याला कानशीने भोक मोठं करून काळा स्विच ठोकून बसवलेला. साहेब म्हणाले, "ठेक्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. तुम्ही तपासून वहीत सही करा. आज दोन पॅनेलं जायची आहेत."

मी स्विच चालू केला, दिवा लागला, पडद्यावर रेघ आली. बंद केला, दिवा गेला. मी सही केली.

झाकणाला चार स्क्रू होते. ते काढून आत बघायला मला पाच मिनिटं लागली असती. मी काढले नाहीत. लग्नघरातून आलो होतो, समोर तुंबलेलं काम होतं, आणि साहेब दारात उभे होते. ही कारणं मी त्यानंतर स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की आता ती उच्चारतानाच माझा मला राग येतो.

अडीचएक महिने तो तसाच चालला.

माझ्याबरोबर टेस्टिंगला एक मुलगी होती. मुलगी म्हणतो, पण तिशीची, लग्न होऊन परत माहेरी आलेली. तारापूरच्या बाजूची, कोळ्यांच्या घरातली. वडील आणि भाऊ होडीवर, आई मासळी सुकवून विकायची. ती रोज सकाळच्या बसने यायची, माझ्याही आधी. हात हुशार. यंत्राचं झाकण उघडून फ्यूज बदलणं, वायर जोडणं हे तिला मीच शिकवलं होतं. शिकवताना सांगितलं होतं, आधी स्विच बंद, मग प्लग काढ, मग झाकण. पण साहेबांनी खोलीत नवी टेबलं आणून ती बोल्टने भिंतीला आवळून टाकली होती, खोली टापटीप दिसावी म्हणून. प्लग राहिले टेबलांच्या मागे, हात पोचेना. सगळेच मग स्विचवर भागवू लागले. मीही.

थंडीचे दिवस होते. सकाळचे दहा वाजले असतील. तिने हाक मारली, "काका, ह्याचा फ्यूज गेला वाटते. दिवाच लागत नाय."

"उघडून बघ. मी स्टोअरमधून फ्यूज आणतो," मी म्हटलं.

फ्यूजची पुडी घेऊन परत आलो तेव्हा ती वाकलेली होती. डावा हात यंत्राच्या पत्र्यावर, उजवी बोटं आत. ओरडली नाही. ओरडताच येत नव्हतं तिला. मी दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला तशी ती सुटली आणि मागच्या स्टुलावर आदळून जमिनीवर पडली. उजवं मनगट अंगाखाली सापडून मोडलं. दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती, मेणासारखी. मी तिच्याजवळ बसलो तर ती एकच वाक्य बोलत होती.

"बंद केला होता, काका. मी बंद केला होता."

तिला बोईसरच्या दवाखान्यात पोचवून मी दुपारी परत आलो. टेस्टिंग रूममध्ये साहेब आणि सुरक्षा अधिकारी उभे होते, कागद लिहून होत आला होता. मला वाचून दाखवला. "कामगाराने परवानगीशिवाय व ओल्या हातांनी उपकरण उघडले."

मी म्हटलं, "ओले हात कुठून आले?"

साहेब हसले. "अहो, कोळ्यांच्या घरातली आहे. त्यांचे हात कोरडे असतात कधी?"

सुरक्षा अधिकारीही हसला. मी गप्प बसलो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्याचं कुणी कौतुक करू नये. ज्या वेळी तोंड उघडायला हवं होतं त्या वेळी माझी जीभ टाळ्याला चिकटली होती.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी लवकर जाऊन मी तो ऑसिलोस्कोप उघडला. आधी टेबलाचे बोल्ट ढिले केले आणि प्लग काढला.

जुना स्विच आत तसाच लोंबत होता. त्याच्या फेजच्या दोन टोकांना तारेच्या तुकड्याने जोडून टाकलं होतं, म्हणजे फेज थेट फ्यूजपर्यंत, मध्ये कुणी अडवायला नाही. नवा काळा स्विच न्यूट्रलच्या तारेत घातला होता. स्विच बंद केला की परतीची वाट तुटायची, दिवा जायचा, पडदा काळा व्हायचा. बघणाऱ्याला वाटावं यंत्र मेलं. आणि फ्यूजच्या पट्टीवर मात्र पूर्ण वीज वाट बघत बसलेली. तिने एका हाताने पत्रा धरला होता, दुसऱ्याने पट्टीला बोट लावलं, आणि वीज तिच्या छातीवरून गेली. ती वाचली ते त्या मुलीचा जीव चिवट म्हणून. त्यात आमचं काही नाही.

मी स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसलो. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. ज्याने हे केलं त्याला मी शोधायचं ठरवलं.

तो दोन दिवसांनी सापडला, वसाहतीच्या नाक्यावर चहाच्या टपरीपाशी. पन्नाशीचा, परप्रांतातून आलेला, अंगावर धुऊन विटलेला शर्ट. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही. त्याने ऐकून घेतलं. चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "मैंने नक्शा माँगा था. साहब बोले, नक्शा-वक्शा कुछ नहीं, बत्ती जलनी चाहिए, बुझनी चाहिए, बस. दस मिनट दिया था."

"तो न्यूट्रल में लगाओगे?"

"अंदर दोनों तार काली थी, साब. मेरे पास टेस्टर भी नहीं था उस दिन." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मुझे बताया था, टेस्टिंगवाले काका चेक करके साइन करेंगे. मैंने सोचा, आप खोलके देखेंगे."

मी तिथून निघालो. टपरीवर जाताना अंगात जो राग होता तो तेवढाच होता, पण आता त्याचं तोंड माझ्याकडे वळलं होतं.

रविवारी मी तिच्या घरी गेलो. दारापुढे बांबूच्या दांड्यांवर बोंबील सुकत घातलेले, तिची आई खाली बसून सुके वेगळे काढत होती. ती ओट्यावर होती, हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला, बोटांना पट्ट्या. आईने मला बसायला पाट दिला. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, तार कुठे जोडली होती, स्विच कुठे होता, बंद करूनही आत वीज कशी होती.

तिने विचारलं, "मग मी बंद केला होता ते खरं ना?"

"खरं. तू बंद केला होतास. तुझी काही चूक नव्हती."

"आणि ते यंत्र तपासलं कुणी? वहीत सही कुणाची हाय?"

"माझी."

खाली तिच्या आईचे हात थांबले.

"तुमी मला शिकवलंत, काका," ती म्हणाली. "तुमच्या सहीवर मी डोळं झाकून हात घालायचे."

मी म्हटलं, "बाय, मी चुकलो." याहून मोठं वाक्य मला सुचलं नाही.

"त्यांनी कागदावर काय लिवलंय ते मला भावाने सांगितलं. ओले हात." तिने पट्ट्या बांधलेली बोटं माझ्यापुढे केली. "मी मासळीला हात लावून कदी कामावर आलेली नाय. पहाटे आईला मदत करते, मग आंघोळ, मग बस. साबणाने हात धुते दोनदा, कुणी नाकाला पदर लावू नये म्हणून. ते वाक्य पुसून आणा. बाकी तुमचं तुमी बघा."

आईने मला चहा विचारला. तिने विचारला नाही. मी पाणी प्यायलो आणि निघालो.

त्याच आठवड्यात मी दोन पानी जबाब लिहिला. पहिल्याच ओळीत लिहिलं, हे उपकरण न उघडता तपासल्याची सही मी केली. मग चुकीचा स्विच आल्याची माझी चिठ्ठी, रजा, परत आल्यावर साहेबांनी दिलेला हुकूम, भिंतीला आवळलेली टेबलं, आणि यंत्र उघडायला तिला मीच सांगितलं होतं हे. तारांचं चित्र काढलं, फेज लाल, न्यूट्रल काळा. शेवटी लिहिलं की हवा कोरडी होती, तिचे हात कोरडे होते, आणि ओल्या हातांची गोष्ट तिथे नसलेल्या माणसांनी रचली आहे. एक प्रत कारखान्याच्या ऑफिसात दिली, दुसरी पालघरला जाऊन कारखाने तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात दिली आणि पोच घेतली.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. दार लावून घेतलं.

"निवृत्तीला आलात. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता? सही तुमची आहे. अडकाल तर पहिले तुम्ही."

"पहिल्या ओळीत तेच लिहिलं आहे," मी म्हटलं.

"तिचा दवाखाना आपण बघतोय. आणखी काय पाहिजे तिला?"

"ते ओल्या हातांचं वाक्य काढा."

"एका वाक्याने काय होतं?"

इतकी वर्षं ज्या आवाजात मी त्या माणसाला 'हो साहेब' म्हणत आलो, तो आवाज त्या दिवशी आला नाही. मी म्हटलं, "तुम्ही ते हसत लिहिलंत. मी तिथे उभा होतो. माणूस मरता मरता वाचला आणि तुम्हाला विनोद सुचला. सरकारी माणूस येईल तेव्हा मी हेही सांगणार आहे, तुम्ही काय म्हणालात ते, जसंच्या तसं."

मी दार उघडून बाहेर आलो.

सरकारी अधिकारी आल्या. बाई होत्या, साध्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी टेस्टिंग रूममधलं प्रत्येक यंत्र माझ्याकडून उघडून घेतलं. आणखी चारांमध्ये तसलेच काळे स्विच निघाले, माझ्या रजांच्या दिवसांत आणि दुसऱ्या पाळीत बसवलेले. पुढून ते मला रोज दिसत होते, आत मी कधी बघितलं नव्हतं. त्यातल्या दोहोंमध्ये तोच प्रकार, न्यूट्रलवर. त्या प्रत्येक झाकणाखालून ते निघताना मला वाटत होतं, जमीन दुभंगावी. एक तर सिग्नल जनरेटर होता, ज्याला मी स्वतः आठवड्यातून चारदा हात लावायचो.

कागद बदलला. "उपकरणातील सदोष जोडणी" असं आलं, हातांचं वाक्य गेलं. ती प्रत मी तिच्या भावाच्या हाती दिली. माझ्या फायलीत ताकीद लागली, ती योग्यच होती. साहेबांची बदली झाली, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्यात, इथल्याहून वरच्या खुर्चीवर. आणि त्या इलेक्ट्रिशियनचा ठेका तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी तोडला. ज्याला तारांचा नकाशा दिला नाही, टेस्टर दिला नाही, वेळ दिला नाही, तो सगळ्यात आधी घालवला. मी त्याच्यासाठी बोलायला गेलो तर सांगितलं, तो आमचा माणूसच नव्हता. त्याचा फोन लागेना. टपरीवाला म्हणाला, खोली सोडून गेला. या एका गोष्टीवर मला आजही काही करता येत नाही, आणि म्हणूनच ती जास्त जाळते.

ती दोन महिन्यांनी कामावर परत आली. उजव्या हाताच्या दोन बोटांना स्पर्श कळत नव्हता, बारीक स्क्रू त्या बोटांत धरला की सुटायचा. पहिल्याच सकाळी तिने नव्या साहेबांना सांगितलं, "प्लगपाशी हात पोचत नाय तोवर मी एकाही यंत्राला शिवणार नाय."

ते म्हणाले, पुढच्या महिन्यात करून घेऊ.

ती पाना घेऊन आली आणि टेबलाखाली बसून डाव्या हाताने बोल्ट फिरवू लागली. गंजलेले होते, निघेनात. पॅनेलं जोडणाऱ्या, असेंब्लीतल्या तीन बायका काम सोडून आल्या. मी दुसरं टोक धरलं. दुपारपर्यंत सगळी टेबलं भिंतीपासून हातभर पुढे आली. नवे साहेब दारात येऊन बघून गेले.

माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. 'काका' म्हणणं सोडलं नाही, पण त्यातली माया गेली होती. मला ते सोसत नव्हतं, आणि माफ कर म्हणून तिच्या मागे लागणं त्याहून वाईट दिसलं असतं. मी काम केलं. भंगारात टाकलेल्या मेलेल्या यंत्रांतून मूळचे स्विच काढले. त्यांची डबी धरून ठेवणारे पत्र्याचे कान उघडले, ठिपके घासून चमकवले, पिना बदलल्या, एकेक स्विच शंभर वेळा दाबून बघितला. सोडवताना प्रत्येक तारेला रंगीत दोरा बांधला, म्हणजे जोडताना चूक नको. कानशीने मोठी केलेली भोकं पत्र्याचे तुकडे लावून लहान केली. एकामागून एक चार यंत्रं झाली.

शेवटी तोच ऑसिलोस्कोप राहिला होता. जोडणी पूर्ण करून मी झाकण बसवलं, दोन स्क्रू लावले. ती शेजारच्या टेबलावरून उठून आली.

"थांबा. उघडा ते."

"मी तपासलंय. दोनदा."

"तवा बी तपासलंच होतं."

खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचा राग आला. एवढी वर्षं हे काम केलेला माणूस मी, आणि ज्या मुलीला स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकवलं ती मला सगळ्यांसमोर झाकण उघडायला लावते. असेंब्लीतल्या बायका बघत होत्या. मी दोन्ही स्क्रू काढले आणि झाकण बाजूला ठेवलं.

प्लग भिंतीतून काढलेला होता, तरी तिने तो उचलून डोळ्यांनी पाहिला. मग तार सलग जोडलेली असली की वाजणारा मीटर घेतला. स्विच बाहेर असताना प्लगच्या एका पायापासून आत फ्यूजपर्यंत लावून बघितलं, मीटर गप्प. दुसऱ्या पायापासून आत, तरी गप्प. स्विच दाबला, दोन्हीकडे मीटर वाजला. पुन्हा बंद, पुन्हा दोन्हीकडे गप्प. मग तिने तारांवरून बोट फिरवत माझी जोडणी टोकापासून टोकापर्यंत पाहिली, कळणाऱ्या बोटाने. घाई केली नाही. मला ती करून दाखवत होती ते मीच तिला एकदा सांगितलं होतं, आणि मीच केलं नव्हतं.

"आता लावा," ती म्हणाली.

मी चारही स्क्रू लावले. ती तोवर मी आधीच दुरुस्त करून बंद केलेला सिग्नल जनरेटर पुढे ओढून घेऊन त्याचं झाकण काढत होती, डाव्या हाताने, सावकाश. त्याचा प्लग तिने आधीच काढून टेबलावर, स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवला होता.